डोकं क्लॅम्पमध्ये घट्ट, मग मेंदू हलतो कसा? आणि त्यासाठी मुंबईलाच जायचं का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५८ वर्षांचे, डाव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात गाठ, रिपोर्टवर हाय ग्रेड ग्लायोमाची, म्हणजे मेंदूतच उगवून झपाट्यानं वाढणाऱ्या गाठीची शंका, उजव्या हाताची ताकद थोडी कमी झालीय. चंद्रपूरहून नागपूरला दाखवायला आणलं, इथल्या सर्जननं सांगितलं की आमच्याकडे नॅव्हिगेशन आहे, मेंदूचं जीपीएसच समजा. आणि पुण्याच्या मेव्हण्यानं कुठंतरी वाचून सांगितलं की कवटी उघडली की मेंदू जागचा हलतो, नॅव्हिगेशन खोटं ठरतं, ज्यांच्या ओटीतच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच एमआरआय आहे तिथंच, म्हणजे मुंबईलाच न्या. आता तुम्ही विचारताय की डोकं तं पिनांनी जाम पकडलेलं असते मग आतलं हलेल काऊन, आणि दोघांपैकी खरं कोण.

दोघंही अर्धं अर्धं खरं सांगताहेत. आधी माझं सांगून टाकते, मी सर्जन नाही, भूल देणारी डॉक्टर आहे. नागपूरच्या न्यूरो ओटींमध्ये बरीच वर्षं गेलीत, पडद्याच्या अलीकडे बसून वेगवेगळे सर्जन हीच एक अडचण कशी वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवतात ते बघायला मिळतं. आणि मेंदू हलण्यामागे बराचसा हात आम्हा भूलवाल्यांचाच असतो, ते पुढे येईलच. तुमच्या वडिलांची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे "इथं करा" किंवा "तिथं न्या" असं मी ठोकून देणार नाही, पण कशावर ठरवायचं ते सांगू शकते.

पहिले क्लॅम्पचं. तीन पिनांचा मेफिल्ड क्लॅम्प कवटीला पकडतो, बरोबर. त्या क्लॅम्पलाच एक छोटी चांदणीसारखी फ्रेम लावतात, तिच्यावर चमकणारे गोळे असतात, आणि ओटीतला इन्फ्रारेड कॅमेरा ते गोळे बघत बसतो. सर्जनच्या हातातल्या पॉइंटरवरही तसेच गोळे. सुरुवातीला चेहऱ्यावरून पॉइंटर फिरवून किंवा चिकटवलेल्या मार्करांना टेकवून आदल्या दिवशीचा एमआरआय आणि टेबलावरचं डोकं जुळवून घेतात, याला रजिस्ट्रेशन म्हणतात. त्यानंतर पॉइंटर जिथं टेकवाल ती जागा स्क्रीनवरच्या एमआरआयमध्ये दिसते. आता यात नीट बघा, कॅमेरा बघतो काय तर पॉइंटर आणि क्लॅम्प, म्हणजे पर्यायानं कवटी. मेंदू त्याला दिसतच नाही. मेंदू काल जिथं होता आजही तिथंच असेल हे मशीन गृहीत धरून चालते. कवटी उघडेपर्यंत ते गृहीतक ठीकच असते, कातडीवर चीर कुठं द्यायची, हाड केवढं काढायचं, हे नॅव्हिगेशन फार सुंदर सांगते, आणि त्याच्यामुळे चिरा लहान झाल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हो, स्क्रीनवर रजिस्ट्रेशन झाल्यावर दीड मिलिमीटर, दोन मिलिमीटर असा आकडा येतो आणि नातेवाइकांना कोणी सांगितलं की "अचूकता दोन मिलिमीटर" की सगळे खुश. तो आकडा जुळवणी किती चांगली झाली त्याचा आहे. पुढच्या दोन तासांनी गाठीची खालची कड कुठं असेल त्याच्याशी त्या आकड्याचं काहीच देणंघेणं नाही.

आता हलतो कसा. आपला मेंदू कवटीत ठेवलेला नसतो, तरंगत असतो. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, पण भोवतीच्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. ते पाणी एकूण दीडशे मिली वगैरे. सर्जननं ड्युरा, म्हणजे मेंदूवरचा जाड पडदा उघडला, त्याखालचा पातळ पडदा उघडला की हे पाणी वाहून जायला लागतं, सक्शननं ओढलंही जातं, आणि ज्याच्या आधारावर मेंदू तरंगत होता तोच आधार कमी झाल्यावर तो जमिनीच्या दिशेनं बसतो. हे एक. दुसरं आम्ही. गाठीमुळे मेंदू फुगलेला असतो, तो ढिला पडावा म्हणून मी हाड काढायच्या सुमारास मॅनिटॉल लावते, दर किलो वजनामागे अर्धा ते एक ग्रॅम, ते मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं आणि लघवीवाटे काढतं. व्हेंटिलेटरवर श्वास थोडा वाढवून कार्बन डायऑक्साइड खाली आणते, त्यानं मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. सर्जन म्हणतो "वा मॅडम, ब्रेन मस्त रिलॅक्स आहे", आणि तिकडे नॅव्हिगेशनचा नकाशा तेवढाच चुकायला लागलेला असतो. तिसरं, गाठ काढत गेलं की पोकळी होते आणि भोवतालचा मेंदू त्या पोकळीत सरकतो. इथं एक गंमत आहे, वरचा पृष्ठभाग खाली बसत असतो तेव्हाच गाठीची खोल कड वर उचलून येऊ शकते, म्हणजे सगळा मेंदू एकाच दिशेनं, एकाच मापानं सरकत नाही, नाही तं तेवढं वजा करून काम भागलं असतं. आणि कधी उलटंच, मेंदू सुजून बाहेर फुगतो.

किती हलतो? अमेरिकेतल्या डार्टमथच्या टीमनं १९९८ साली २८ ऑपरेशनांमध्ये मोजमाप करून छापलं होतं, पृष्ठभाग सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास सरकला होता आणि मुख्यतः गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनं. एक सेंटिमीटर म्हणजे मेंदूत फार झालं, हात हलवणारा पट्टा आणि गाठ यांच्यात कधी कधी तेवढंही अंतर नसते.

म्हणून जीपीएसवालं वर्णन मला अर्धंच पटतं. जीपीएस तुम्ही कुठं आहात ते अगदी बरोबर सांगते, पण कालपर्यंत जिथं रस्ता होता तिथं आज सिमेंट रोडसाठी खोदून ठेवलंय हे त्याला माहीत नसते, आणि नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. चांगला सर्जन मोबाइल बघतो पण काचेतून समोरही बघतो.

आता कोणाच्या बाबतीत या हलण्यानं फरक पडतो. कवटीच्या तळाला चिकटलेल्या गाठी, पिट्युटरीच्या गाठी, यांच्यात फारसा नाही, कारण तिथं आजूबाजूला हाड आहे आणि हाड कुठं जात नाही. छोट्या छिद्रातून बायोप्सी असेल तर पाणी फार निघत नाही, तिथंही नॅव्हिगेशन चांगलं टिकतं. पार्किन्सनसाठी इलेक्ट्रोड बसवतात त्यात छिद्र लहान पण दीड-दोन मिलिमीटरचा फरकही खुपतो, म्हणून ते लोक पाणी निघू नये आणि हवा शिरू नये म्हणून छिद्र ताबडतोब बंद करतात. आणि सगळ्यात जास्त त्रास कुठं तर तुमच्या वडिलांसारख्या केसमध्ये, म्हणजे मोठी, सूज असलेली, मेंदूच्या आतच वाढलेली आणि महत्त्वाच्या जागेला लागून असलेली गाठ. त्यामुळे मेव्हण्याची काळजी वायफळ नाही. फक्त त्यांनी उपाय एकच सांगितला, आणि उपाय बरेच आहेत.

पहिला उपाय फुकटचा आहे, कामाचा क्रम. जे सर्जन वर्षानुवर्षं हे करतात ते नॅव्हिगेशन खरं असतं तेव्हाच त्याच्याकडून काम काढून घेतात. ड्युरा उघडायच्या आधी आणि उघडल्या उघडल्या गाठीच्या कडा पृष्ठभागावर आखून घेतात, शिरा आणि मेंदूच्या वळ्या ओळखून ठेवतात. काही जण गाठीच्या कडेनं बारीक नळ्या खोलवर रोवून ठेवतात, मेंदू सरकला तरी नळ्या त्याच्यासोबतच सरकतात, मग स्क्रीन काय म्हणते त्याची गरजच नाही. डोकं अशा तऱ्हेनं ठेवतात की गाठ सगळ्यात वर येईल. व्हेंट्रिकल, म्हणजे आतली पाण्याची पोकळी, शक्यतो शेवटीच उघडतात. आणि मला सांगतात, "मॅनिटॉल थांबा, बघू लागते का." सूज जास्त असेल तर मी थांबत नाही, तेव्हा मेंदू ढिला होणं जास्त महत्त्वाचं. पण हे बोलणं ऑपरेशनच्या आधी झालेलं असलं म्हणजे बरं.

दुसरा अल्ट्रासाउंड, आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्याकडच्या परिस्थितीत सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच, बिचाऱ्याला ग्लॅमर नाही एवढंच. छोटा प्रोब निर्जंतुक कव्हरमध्ये घालून थेट मेंदूवर टेकवायचा, गाठ आत्ता कुठं आहे ते आत्ता दिसते. ड्युरा उघडायच्या आधी एकदा बघायचं, मग अर्धी गाठ काढल्यावर, मग शेवटी. नॅव्हिगेशनला जोडलेला प्रोब असेल तर आणखी छान, एकाच स्क्रीनवर जुना एमआरआय आणि ताजा अल्ट्रासाउंड एकावर एक येतात आणि मधला पडदा, व्हेंट्रिकलच्या कडा यांच्यावरून सरळ दिसते की नकाशा किती आणि कोणत्या बाजूला सरकला. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरी टीमनं या नॅव्हिगेटेड थ्री-डी अल्ट्रासाउंडवर बरंच काम छापलंय, म्हणजे ही काही जुगाडवाली गोष्ट नाही.

पण अल्ट्रासाउंडला हात आणि डोळा बसावा लागतो. चित्र राखाडी, दाणेदार, एमआरआयसारखं स्वच्छ नाही. पोकळीत सलाइन भरून बघावं लागतं आणि त्यात हवेचे बुडबुडे राहिले की काहीच दिसत नाही. रक्ताची गुठळी पांढरी दिसते, रक्त थांबवायला ठेवलेलं कापडासारखं मटेरियलही पांढरं, आणि पोकळीच्या तळाला सलाइनमुळेच एक खोटी पांढरी कड उमटते, नवखा माणूस तिला उरलेली गाठ समजून आणखी खोल जाऊ शकतो. म्हणून "आमच्याकडे अल्ट्रासाउंड आहे" एवढं पुरेसं नाही. तो कपाटात आहे की दर ग्लायोमाला बाहेर निघतो हे विचारायचं.

तिसरा, मेव्हण्यांचा इंट्राऑप एमआरआय, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच काढलेला. ही पद्धत १९९०च्या दशकात बोस्टनला सुरू झाली. जर्मनीत झालेला एक अभ्यास २०११ साली छापून आला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंट दोन गटांत वाटून केलेला. त्यात एमआरआयवाल्या गटात २४ पैकी २३ जणांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या गटात २५ पैकी १७ जणांची. म्हणजे ९६ विरुद्ध ६८ टक्के. आकडे लहान आहेत पण फरक मोठा आहे, आणि मी तो नाकारत नाही. फक्त ती तुलना साध्या मायक्रोसर्जरीशी होती, सराईत हातातल्या अल्ट्रासाउंडशी नव्हती, हे मेव्हण्याच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये लिहिलेलं नसेल.

आणि तो एमआरआय चालतो कसा ते ऐका. काम थांबवायचं, रक्तस्राव पूर्ण थांबवायचा, जखम निर्जंतुक झाकायची, लोखंडी प्रत्येक वस्तू मोजून बाहेर काढायची, चुंबकाजवळ चालणारं वेगळं भूलेचं मशीन, वेगळे मॉनिटर, मग पेशंटला चुंबकात न्यायचं किंवा चुंबक पेशंटकडे आणायचा, स्कॅन, परत येणं, परत नव्यानं झाकणं. एका फेरीत तासभर सहज जातो, आणि तेवढा वेळ पेशंट माझ्यापासून लांब नळकांड्यात असतो, ते कोणत्याच भूलवाल्याला आवडत नाही. मुख्य म्हणजे तो नवा फोटोही फोटोच. काम परत सुरू झालं, आणखी गाठ काढली, की मेंदू परत सरकला आणि तोही जुना झाला. शेवटी काय उरलंय हे दाखवायला तो जबरदस्त आहे, पण दर मिनिटाला वाट दाखवत नाही. मेंदू कसा सरकेल याचं गणित कॉम्प्युटरनं मांडून जुना एमआरआयच वाकवून घ्यायचा, असंही संशोधन बरेच जण करताहेत, कल्पना चांगली आहे, आमच्याकडच्या ओटींत रोजच्या वापरात मी अजून पाहिलं नाही.

चौथा उपाय रंगाचा, आणि तो मला फार आवडतो कारण त्यात नकाशाच लागत नाही. फाइव्ह-एएलए नावाचं औषध भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी पाण्यातून प्यायला देतात, हाय ग्रेड गाठीच्या पेशींमध्ये त्यातून असा पदार्थ तयार होतो जो निळ्या-जांभळ्या प्रकाशात लालसर गुलाबी चमकतो. मेंदू सरकला तरी रंग गाठीसोबतच सरकतो. २००६ सालच्या मोठ्या अभ्यासात यानं गाठ पूर्ण निघायचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं होतं. लो ग्रेड, म्हणजे हळू वाढणारी गाठ, सहसा चमकत नाही, महागही आहे, आणि त्यानंतर निदान २४ तास पेशंटला ऊन आणि झगझगीत दिव्यांपासून जपावं लागतं. मे महिन्यात ऑपरेशन असेल तर हे खिडकीजवळच्या पलंगावर बसवणाऱ्या नातेवाइकांना आधीच बजावून ठेवावं लागते. स्वस्तातला पर्याय फ्लुरोसीन, डोळ्यांचे डॉक्टर शिरेतून देतात तेच पिवळं औषध. ते गाठीच्या पेशीत बसत नाही, गाठीतल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून पाझरतं, त्यामुळे कधी कधी नुसत्या सुजलेल्या भागालाही पिवळं करतं, पण अनुभवी हातात कामाचं आहे. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द बघून कावीळ झाली म्हणून घाबरू नका.

आणि पाचवी गोष्ट, जी तुमच्या वडिलांसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, मॅपिंग. वरची सगळी साधनं गाठ कुठं आहे ते सांगतात. हात कुठून हलतो, बोलणं कुठून येतं, ते मॅपिंगच सांगते. सर्जन बारीक करंट देऊन बघतो, बोट हललं का, शब्द अडला का. जिथं टेकवलं तिथलं उत्तर त्याच क्षणी, मेंदू कितीही सरकलेला असो. फक्त हातापायाचं बघायचं तर पेशंट झोपलेला चालतो, पण मग मला स्नायू ढिले करणारं औषध बंद ठेवावं लागतं आणि भूल गॅसऐवजी शिरेतून चालवावी लागते. डावी बाजू आहे, वडील उजवखुरे असतील, तर बोलण्याची जागाही जवळ असू शकते, आणि बोलणं तपासायला माणूस जागाच लागतो. घाबरू नका, डोक्याच्या कातडीच्या नसा बधिर केलेल्या असतात आणि मेंदूला स्वतःला दुखत नाही. अशा केसला मी आदल्या दिवशी पेशंटजवळ बसून गप्पा मारते, घरी काय बोलता विचारते, झाडीबोली, वऱ्हाडी, गोंडी, हिंदी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच भाषेत विचारायचं असतं. शेतीवाला असला की मी सोयाबीनचा भाव विचारते, लोक तेव्हाही भांडायला तयार असतात.

थोडक्यात इथवरचं असं, नॅव्हिगेशन सुरुवातीला खरं असतं आणि हळूहळू जुनं होत जातं. ते जुनं झाल्यावर अल्ट्रासाउंड, एमआरआय किंवा रंग गाठ कुठं राहिली ते सांगतात आणि मॅपिंग कुठं थांबायचं ते सांगतं. सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी असाव्यातच असं नाही, पण नुसतं नॅव्हिगेशन आणि बाकी काहीच नाही, हे तुमच्या वडिलांच्या गाठीसाठी मला कमी वाटते.

त्यामुळे सर्जनकडे परत जा आणि "तुमच्याकडे कोणतं मशीन आहे" असं विचारू नका, सरळ विचारा, "सर, ड्युरा उघडल्यावर मेंदू सरकला तर तुम्ही कशावरून ओळखता, आणि हाताचा पट्टा कसा सांभाळता?" यात अपमान काहीच नाही, रोज हे काम करणाऱ्याला हा प्रश्न आवडतोच. तो अल्ट्रासाउंडचं, मॅपिंगचं, आपल्या क्रमाचं नीट समजावून सांगेल, आणि ४८ ते ७२ तासांत परत एमआरआय करून किती राहिलं ते दाखवतो असंही सांगेल, तर मी माझ्या घरच्या माणसाला नागपूरातच ठेवीन. "ते आमच्यावर सोडा, कॉम्प्युटर आहे ना" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्याचं मत घ्या, तेही नागपूरातच आधी घ्या. आणि गाठ लो ग्रेड वाटत असेल आणि बोलण्याच्या जागेत पसरलेली असेल, किंवा हे दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल, तर मुंबईच्या मोठ्या सेंटरला जायचा खर्च मला पटतो, कारण अशा गाठीची कड डोळ्यांना ओळखूच येत नाही.

एक हिशोब घरचे लोक विसरतात म्हणून सांगते. बायोप्सीत हाय ग्रेड निघालं तर ऑपरेशनवर संपत नाही. टाके भरल्यावर काही आठवड्यांत रेडिएशन सुरू होतं, नेहमीचा कोर्स ३० बैठकांचा, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे, सोबत टेमोझोलोमाइडच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या. चंद्रपूरच्या माणसाला सहा आठवडे मुंबईत खोली घेऊन राहणं आणि नागपूरात राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑपरेशन तिकडे आणि रेडिएशन इकडे असंही करता येतं, फक्त सगळे कागद आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, सोबत आणायचे. आणि ठरवण्यात महिना घालवू नका, हात कमजोर व्हायला लागलाय म्हणजे आठवड्याभरात ठरवायचं. तोवर डेक्सामेथासोनची, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, सुरू केल्यावर बरं वाटतं म्हणून लोक बंद करतात. साखर मात्र तपासत राहा, ती या गोळीनं वाढते. फिटची गोळी सुरू असेल तर ऑपरेशनच्या सकाळीही दोन घोट पाण्यासोबत घ्यायची का ते तुमच्या भूलवाल्या डॉक्टरांना विचारून घ्या, बहुतेक हो म्हणतील.

आणि एमआरआयची नुसती फिल्म घेऊन येऊ नका, सीडी पाहिजे. नॅव्हिगेशनला बारीक, एकेक मिलिमीटरच्या कापांचा, पूर्ण डोकं आणि नाक-कानांसकट काढलेला स्कॅन लागतो, साध्या रिपोर्टसाठी काढलेला बऱ्याचदा चालत नाही, मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परत काढावा लागतो आणि परत पैसे जातात. सेंटरवर "नॅव्हिगेशन प्रोटोकॉल" असा शब्द वापरून सांगा, आणि सीडी उघडते का ते तिथल्याच कॉम्प्युटरवर बघून मगच निघा.